गृहचौकशी

सोमवारी सकाळी दिनेश साळवेला जात पडताळणीच्या ऑफिसातून फोन आला, तेव्हा तो अंबडच्या कारखान्यात लेथवर उभा होता. मशीनच्या घरघरीत त्याला निम्मंच ऐकू आलं, पण कळायला तेवढं निम्मं पुरलं. गुरुवारी दक्षता पथक गृहचौकशीला येणार. घरच्यांनी हजर राहायचं आणि मूळ कागद काढून ठेवायचे.

त्यानं लगेच बायकोला फोन लावला. मोहिनी त्याच वसाहतीत, दोन रस्ते पलीकडे, इलेक्ट्रिकचे स्विच बनवणाऱ्या कंपनीत पॅकिंगला होती.

"तक्रार झालीय आपली," तो म्हणाला. "तृप्तीचं जातीचं सर्टिफिकेट खोटं आहे म्हणून कुणीतरी निनावी अर्ज दिलाय."

"कुणी दिला?"

"निनावी म्हणजे काय असतं मोहिनी? नाव असतं तर मी आत्ता त्याच्या दारात असतो."

मोहिनीनं फोन पदरात खोचला आणि हात चालू ठेवले. एका खोक्यात दहा स्विच भरायचे. थोड्या वेळानं सुपरवायझरनं दोन खोकी उघडून तिच्यासमोर ठेवली. एकात नऊ निघाले, दुसऱ्यात अकरा. बारा वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं.

भानगड काय होती ती आधीच सांगून टाकलेली बरी. तृप्ती ही साळव्यांची एकुलती एक पोरगी. दोन वर्षं सण नाही, सिनेमा नाही, असं खोलीत बसून तिनं दोनदा नीटची परीक्षा दिली आणि सरकारी मेडिकलला लागली. लागली ती एससीच्या कोट्यातून. हमीपत्रावर ॲडमिशन मिळालं होतं, पण जातवैधता प्रमाणपत्र तीन महिन्यांत आणून द्यायचं होतं, नाही तर सीट रद्द. आणि साळवे होते ख्रिस्ती.

तेही आजकालचे नव्हेत. तृप्तीचे आजोबा कोंडाजी येवल्याकडच्या एका खेड्यातल्या महारवाड्यात जन्मले, विशीत नाशिकला आले, एका दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून लागले आणि इथंच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण दिनेशला शाळेत घातलं ते गावाकडच्या चुलत्यानं. मास्तरांनी विचारलं आणि त्यानं सांगून टाकलं, हिंदू महार. तेच दाखल्यावर चढलं आणि एका दाखल्यावरून दुसऱ्यावर चढत गेलं. रविवारी चर्च आणि सोमवारी दाखला, असं चाळीस वर्षं बिनबोभाट चाललं. ओळखीतल्या आणखी चार घरांत असंच चाललं होतं, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. तृप्तीच्या सर्टिफिकेटच्या वेळी सेतू केंद्रातल्या माणसानं प्रतिज्ञापत्र टाइप करून पुढे सरकवलं, तेव्हा मोहिनीनं ते वाचलं होतं. वाचून सही केली होती. न वाचता केली असती तर आता तिला बरं वाटलं असतं.

कायदा असा की त्या रकान्यात हिंदू चालतं, शीख चालतं, बौद्धही चालतं. ख्रिस्ती तेवढं चालत नाही. गावच्या विहिरीवरून कोंडाजींना हाकललं, तेव्हा बाबा रे तुझा देव कोणता, असं कुणी विचारलं नव्हतं. तिथं जात पुरेशी होती. सरकारला मात्र देव लागतो. या असल्या न्यायावर बोलायला बसलं तर आयुष्य पुरायचं नाही, आणि साळव्यांकडे तर तीनच दिवस होते.

सोमवारी संध्याकाळी दिनेश हॉलच्या मधोमध उभा राहिला आणि घरात ख्रिस्ती काय काय आहे ते बघू लागला. बघायला लागल्यावर त्याला घामच फुटला. दारावरचं येशूचं स्टिकर, फ्रिजवरचं चर्चचं कॅलेंडर, कपाटावर नाताळचा चांदणीचा आकाशदिवा, तृप्तीला संडे स्कूलमध्ये मिळालेले कप. लग्नाच्या फोटोत मोहिनी पांढऱ्या साडीत, डोक्यावर जाळीचा पडदा. तीन बायबलं. आणि समोरच्या भिंतीवर हातभर लांबीचा लाकडी क्रूस. दवाखान्यातल्या मोडक्या खाटेच्या पायापासून कोंडाजींनी स्वतः तासलेला होता तो.

स्टिकर निघता निघेना. मोहिनीनं ते खोबरेल तेल लावून नखानं खरवडलं. कप माळ्यावर गेले, बायबलं गव्हाच्या कोठीत गेली. क्रूसाला मात्र कुणी हात लावला नाही. दिनेश दोनदा स्टूल घेऊन भिंतीपाशी गेला आणि दोनदा दुसरंच काहीतरी काढून खाली उतरला.

"रिकामी भिंतसुद्धा बोलते," तो म्हणाला. "तिथं काहीतरी लावायला पाहिजे. खालच्या लताबाईंकडून बुद्धांची तसबीर आण. बौद्ध म्हणून सांगू. कुणाचं काही बिघडत नाही."

लताबाई खालच्या मजल्यावर राहायच्या. नाशिकरोडच्या शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेल्या, तोंडानं फटकळ आणि मनानं लोण्याच्या. मोहिनीनं चाचरत सगळं सांगितलं. लताबाईंनी ऐकून घेतलं आणि आत जाऊन तसबीर आणली, पण लगेच हातात दिली नाही.

"देते. आपले आजे-पणजे एकाच विहिरीवरून हाकललेले, तुला नाही म्हणू का मी?" त्या म्हणाल्या. "पण एक सांगते. नुसती सोंगाला टांगू नको. रोज सकाळी समोर एक मेणबत्ती लाव. माझ्या सासऱ्यांनी ही घेतली तेव्हा गावानं त्यांचं पाणी बंद केलं होतं. फुकट नाही मिळालेली ही."

मोहिनीनं हो म्हटलं. जिना चढताना तिला वाटलं, आपण आता एका नाही, दोन घरांच्या श्रद्धेला फसवतोय. वर जाऊन तिनं तसबीर टेबलावर ठेवली. मेणबत्ती लावायची की नाही हे तिला ठरवता येईना. लावली तर खोटं, न लावली तर लताबाईंशी खोटं. शेवटी लावली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

खरी अडचण पुढेच होती, आणि ती म्हणजे मंगलाबाई. दिनेशची आई शहात्तर वर्षांची, गुडघ्यांनी अधू, जिभेनं धडधाकट. दारात कुणीही आलं की दोन्ही हात जोडून चर्चमधल्यासारखं "सलाम" म्हणायची तिची जन्माची सवय. पाण्याचा पेला तोंडाला लावण्याआधीही ती डोळे मिटून आभार मानायची. अशा बाईला चौकशीसमोर बसवणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं. दिनेशनं गोड आवाज काढला.

"आई, आशाताई कधीची बोलावतेय येवल्याला. जाऊन ये ना चार दिवस. तुला तर एसटी फुकट आहे."

मंगलाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मला का धाडता ते मला कळतंय दिनेश. माझ्या जिभेला वळण नाय. जाते मी. पोरीच्या आड नाय यायची."

बुधवारी सकाळी त्यांनी कापडी पिशवी भरली. दोन लुगडी, गोळ्यांची पुडी, चष्म्याची डबी. मग दिनेशला म्हणाल्या, "स्टूल घे आन् तो खाली काढ."

दिनेशनं स्टूल आणलं.

"त्यालाबी घेऊन जाते. हितं तुम्हाला आमची दोघांचीबी अडचण हाय."

त्या हे रागानं बोलल्या असत्या तर परवडलं असतं. पण पाऊस येतोय, कपडे काढा, असं सांगावं तशा आवाजात त्या बोलल्या. दिनेशनं क्रूस काढला. मंगलाबाईंनी तो जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि पिशवीत उभा ठेवला. वरचं टोक बाहेर राहिलं, त्याच्यावर त्यांनी पदराचा शेव टाकला. भिंतीवर खिळा तेवढा राहिला. दिनेशनं त्याच खिळ्याला तसबीर अडकवली. मोहिनी सासूला येवल्याच्या बसमध्ये बसवून आली. परत येताना रिक्षात तिला रडू आलं आणि रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं म्हणून तिनं ते आवरलं.

बुधवारी संध्याकाळची प्रार्थनासभा त्यांनी चुकवली. जायची हिंमतच होत नव्हती. तक्रार कुणी केली असेल? ज्यांच्या मुलाचं पाच मार्कांनी हुकलं ते? की पाठीमागच्या बाकावर बसणाऱ्या, मोहिनीच्या साड्यांवर नजर ठेवणाऱ्या बाई? ज्यांच्याबरोबर वीस वर्षं एका प्याल्यातून प्रभुभोजन घेतलं, त्यांचे चेहरे ती एकेक करून आठवत होती आणि प्रत्येकात चोर शोधत होती. सभेनंतर मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या पंचांचा फोन आला. त्यांना सगळं कळलेलं होतं. ते म्हणाले, "बाई, कागद वेगळा आणि काळीज वेगळं. प्रभू काळीज बघतो. तुम्ही बिनधास्त सांगा." मोहिनीला हायसं वाटायला हवं होतं. उलट छातीवरचा दगड आणखी जड झाला.

तृप्ती दिवेलागणीला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तीन दिवस ती धड जेवली नव्हती. कपाटात तिचा पांढरा ॲप्रन इस्त्री करून टांगलेला होता. त्याच्याकडे ती बघतही नव्हती.

"मम्मी, उद्या तू नीट बोलशील ना?"

"नीट म्हणजे?"

"तुला माहितीये नीट म्हणजे काय. तुझं तोंड बघून सगळं कळतं. पप्पा बोलतील व्यवस्थित. मला तुझी भीती वाटते. मी अठरा-अठरा तास अभ्यास केलाय. ओपनला सत्तर मार्क कमी पडतात मला. परत एक वर्ष नाही बसू शकणार मी त्या खोलीत. खरंच नाही."

मोहिनीनं पोळपाटावरचे हात पुसले आणि पोरीचा चेहरा हातात घेतला.

"नीट बोलेन," ती म्हणाली. "शब्द देते."

आणि तिनं तो मनापासून दिला होता. लहानपणापासून तिनं ऐकलं होतं की विश्वासासाठी माणसानं मरायला तयार असावं, आणि तिला नेहमी वाटायचं की वेळ आली तर आपण मरू. पण पोरीचं वाटोळं करायला तयार असावं, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

गुरुवारी अकरा वाजता बेल वाजली. पथक म्हणजे प्रत्यक्षात दोनच माणसं होती. एक पन्नाशीपुढचे इन्स्पेक्टर, साध्या कपड्यातले, आणि एक फाईल सांभाळणारा लेखनिक. दिनेशनं दार उघडलं आणि चांगला ठणठणीत "जयभीम साहेब" केला. दोन दिवस घोकलेला होता.

साहेब खुर्चीत बसले. चहा बिनसाखरेचा मागितला. त्यांची नजर भिंतीवर गेली, तसबिरीवर, खालच्या विझलेल्या मेणबत्तीवर, आणि परत कागदावर आली. दाखले पाहिले, मूळ प्रती पाहिल्या, गाव कुठलं, भाऊबंद कोण, लग्नात काय विधी करता, सगळं विचारलं. दिनेश धडाधड उत्तरं देत होता. लेखनिकानं खाली जाऊन लताबाईंचा जबाबही घेतला. वर आल्यावर तो म्हणाला, "शेजारीण म्हणते, आमच्यातलेच आहेत."

तृप्ती पलंगाच्या कडेवर ओढणीचं टोक पिळत बसली होती. तिनं आईकडे बघून अगदी थोडी मान हलवली. होतंय, मम्मी. अजून थोडंच.

"वडील कधी वारले?" साहेबांनी सहज विचारलं.

"सहा वर्षं झाली."

"अंत्यविधी कुठे केला?"

घरातला खिळान्खिळा तपासला होता साळव्यांनी. लग्नाचा फोटो, कॅलेंडर, किल्ल्यांच्या जुडग्यातला छोटा क्रूस, सगळं आठवून आठवून लपवलं होतं. पण कोंडाजी शरणपूरच्या कब्रस्तानात झोपलेत, ही गोष्ट कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. घरातलं माणूस होतं ते. ते काही लपवायच्या वस्तूंत धरलेलं नव्हतं.

"अमरधामला," दिनेश म्हणाला. "नदीवर."

साहेबांनी खिशातून मोबाइल काढला, त्यात काहीतरी शोधलं आणि टेबलावर दिनेशच्या पुढे सरकवला. "अर्जासोबत हा फोटो आलाय."

मोहिनीला लांबूनही दिसलं. चुना दिलेला दगड, वर काळी अक्षरं. ख्रिस्तवासी कोंडाजी रामभाऊ साळवे. खाली जन्म आणि मृत्यूच्या तारखा, आणि त्याखाली, प्रभूमध्ये निद्रिस्त.

दिनेशच्या मानेवर लाली चढली. साहेबांनी त्याला फार वेळ तसं राहू दिलं नाही. माणूस वाईट नव्हता. दिवसभर लोकांच्या घरात शिरून त्यांचे देव मोजण्याची नोकरी होती त्याची, आणि तिचा त्याला बहुतेक कंटाळा आला असावा.

"हे बघा," साहेब पेन काढत म्हणाले, "साळवे नाशकात काय कमी आहेत? कोंडाजीही असतील चार. तारखा जुळवत बसायला मला वेळ नाही, अजून तीन घरं करायचीत आज. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो. हा तुमचा माणूस आहे का? तुम्ही नाही म्हणा, मी लिहितो, सही करा, मी निघतो. निनावी अर्जाला याहून जास्त किंमत द्यायची माझी इच्छा नाही." मग दिनेशकडे बघून म्हणाले, "हे तुमचे वडील का?"

दिनेशनं वरच्या पंख्याकडे पाहिलं.

"नाही साहेब. नावासारखं नाव."

साहेबांनी लिहिलं. मग मोबाइल मोहिनीपुढे आला.

"तुमचे सासरे का, बाई?"

मोहिनीनं मोबाइल हातात घेतला. तिला फक्त नाही म्हणायचं होतं. जीभ त्यासाठी तयार होती, टाळूला लागलेली होती. आणि मग तिला दगडाच्या पायथ्याशी तो डबा दिसला. श्रीखंडाचा रिकामा प्लास्टिकचा डबा, त्यात सुकलेली झेंडूची फुलं, आणि डब्यावर लाल नेलपॉलिशनं काढलेलं 'मो'. कंपनीत डबे अदलाबदल होऊ नयेत म्हणून ती सगळ्या डब्यांवर काढायची तसं. ऑगस्टमध्ये मामंजींच्या वर्षदिनाला तिनंच तो तिथं ठेवला होता, गवत उपटून, दगड ओल्या फडक्यानं पुसून. फोटो काढणाऱ्याला त्यातलं काही कळलं नसेल. साहेबांनाही कळलं नव्हतं.

तिला मामंजी आठवले. दवाखान्यात ज्या जखमांना नातलग हात लावत नव्हते त्या धुणारे, आणि घरी येऊन कोपरापर्यंत साबण लावून मगच नातीला उचलणारे. तृप्ती चार वर्षांची असल्यापासून ते तिला डॉक्टरबाई म्हणायचे. शेवटच्या आठवड्यात, बोलता येत नव्हतं तेव्हाही, ती खोलीत आली की दोन बोटं कपाळाला लावून सलाम करायचे.

आणि मोहिनीला अचानक पुढचं सगळं दिसलं. आपण नाही म्हणू. मग हा मोबाइल पलंगाकडे जाईल. मग तृप्ती नाही म्हणेल. डॉक्टरबाई त्या दगडाकडे बघून म्हणेल, मी याला ओळखत नाही, आणि मग जाऊन डॉक्टर होईल.

तिला प्रचंड भीती वाटली. तिनं मोबाइल साहेबांकडे वळवला.

"हे माझे सासरे आहेत," ती म्हणाली.

साहेबांचं पेन थांबलं.

"मम्मी," तृप्ती म्हणाली. अगदी हळू.

"हा डबा माझा आहे. त्यावर माझं नाव आहे, बघा. आम्ही ख्रिस्ती आहोत, साहेब. माझे सासरे होते, माझी सासू आहे. तिला आम्ही येवल्याला पाठवलंय कारण तिला खोटं बोलता येत नाही. ही तसबीर शेजारणीची आहे."

"साहेब, ती घाबरलीय," दिनेश ताडकन उठला. "काहीही बोलतेय. बीपी आहे तिला."

"घाबरलेय," मोहिनी म्हणाली. "खूप घाबरलेय. तरी लिहा."

"बाई, एकदा लिहिलं की मला ते पुसता येत नाही," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चिडलेला होता, पण तिच्यावर नव्हे. "पोरीची सीट जाईल. प्रतिज्ञापत्र खोटं दिलं म्हणून तुम्हालाही नोटीस येईल. केसही होऊ शकते. एवढं सगळं कशासाठी? मी विचारलंय का तुम्हाला धर्म? मी एका दगडाबद्दल विचारलंय."

"दगडाबद्दलच सांगतेय मी," मोहिनी म्हणाली. मग तिला काहीतरी आठवलं आणि ती घाईनं म्हणाली, "प्रतिज्ञापत्रावर सही मी केलीय. वाचून केलीय. पोरीला यातलं काही कळत नव्हतं. आणि यांनी आत्ता जे नाही म्हटलं ते पोरीसाठी. ते लिहिलं नाही तर चालेल का? बापाला नाकारलं असं कागदावर राहायला नको."

साहेबांनी वरचा कागद फाडला, चुरगळला आणि स्वतःच्या खिशात टाकला. नवा कागद घेतला. दिनेशचा जबाब पहिल्यापासून लिहिला. दिनेशनं या वेळी पंख्याकडे पाहिलं नाही. "हो, माझे वडील," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून लहान पोरासारखा रडला.

तृप्तीला विचारायची गरज उरली नव्हती. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि तिनं आतून कडी लावली.

साहेब गेल्यावर दिनेश "कारखान्यात जाऊन येतो" म्हणाला आणि गेला, सुट्टी टाकलेली असूनही. मोहिनीनं त्या बंद दारावर दोनदा हात ठेवला. वाजवलं नाही. आतून काहीच आवाज येत नव्हता आणि त्याचीच तिला जास्त धास्ती होती. तिनं दाराशी सतरंजी टाकली आणि तिथंच बसून राहिली. दर थोड्या वेळानं ती कान देऊन ऐकायची. पलंग करकरला की तिचा श्वास सुटायचा.

तीन वाजता लताबाई वर आल्या. मोहिनीनं घडलं ते त्यांना सांगितलं, तसबीर खिळ्यावरून काढली, पदरानं पुसली आणि दोन्ही हातांनी त्यांना दिली.

"माफ करा ताई. तुम्हाला खोटं बोलायला लावलं."

"चौथं शील मोडलं गं मी तुझ्यापायी," लताबाई म्हणाल्या. "सत्तर वर्षांत नव्हतं मोडलं. आणि मी खाली जबाब दिला आणि तू वर खरं बोलून बसलीस! आधी सांगायचं तरी." मग त्यांनी बंद दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "जेवली का ती?"

"नाही."

लताबाई खाली गेल्या आणि खिचडीचं पातेलं घेऊन परत आल्या.

सहा वाजता कडी निघाली. तृप्तीचे डोळे सुजले होते. ती आईला ओलांडून स्वयंपाकघरात गेली, उभ्यानं चार घास खिचडी खाल्ली आणि पाणी प्यायली. मोहिनी उठून मागे उभी राहिली. सॉरी म्हणावं तर ते खोटं झालं असतं, आणि आज तिच्यात आणखी खोटं बोलायची ताकद नव्हती.

"शब्द दिला होतास," तृप्ती तिच्याकडे न बघता म्हणाली.

"दिला होता."

"तू मला विचारायला हवं होतंस. माझी सीट होती. तू मोबाइल माझ्यापर्यंत येऊच दिला नाहीस."

"तुला ते बोलावं लागू नये म्हणून..."

"मी पण हो म्हणाले असते," तृप्ती म्हणाली, आणि तिचा चेहरा परत विस्कटला. "त्याचाच राग येतोय मला. पप्पा नाही म्हणाले तेव्हाच मला कळलं की माझ्याच्यानं नाही होणार. म्हणजे सीट जाणारच होती. पण निदान मी घालवली असती. आता ती तू घालवलीस."

हे खरं होतं, की पोरीनं आईसाठी तेवढ्यात बेतलेलं होतं, ते मोहिनीला कळलं नाही. पुढेही कधी नीट कळलं नाही. तिनं हात पुढे केला. तृप्ती मागे सरकली नाही, पण जवळही आली नाही. खरकटी ताटली मोरीत ठेवून ती हॉलमध्ये गेली, खिळ्याकडे बघत थोडी उभी राहिली आणि तिनं फोन उचलला. येवल्याला आशाआत्यानं तो घेऊन स्पीकरवर टाकला.

"आजी, उद्याच्या गाडीनं ये," तृप्ती म्हणाली. "मेडिकलचं नाही झालं. नाही, तू नको रडू. मी रडून झालेय. तू ये फक्त." ती परत खिळ्याकडे वळली. "आणि त्यालाही घेऊन ये."

पलीकडून मंगलाबाईंचा आवाज आला, नेहमीसारखाच.

"येते बाय. सकाळच्या पहिल्या गाडीनं निघते. पिशवी मी सोडलीच नाय गं, कालपास्नं तशीच बांधून ठिवलीय."